मे महिन्यातला मफलर

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी दुसरं गीत झालं की साक्षीची वेळ येते. आठवडाभरात परमेश्वराने आपलं जे काही भलं केलं असेल ते उभं राहून चारचौघांत सांगायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवून त्याचे आभार मानायचे, अशी पद्धत. पद्धत चांगली आहे. मी स्वतः कधी उभी राहिले नाही, पण ऐकल्या भरपूर. कुणाचा ताप उतरला, कुणाची हरवलेली गाडीची किल्ली कोथिंबिरीच्या पिशवीत सापडली, कुणाच्या नळाला बाकीच्या गल्लीपेक्षा जास्त वेळ पाणी आलं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे ही शेवटची साक्ष सगळे फार मनापासून ऐकायचे.

गेल्या वर्षी बाहेरगावाहून एक पाहुणे वक्ते आले आणि त्यांनी या साध्या पद्धतीत सुधारणा केली. मिळाल्यावर काय, कुणीही आभार मानतो, म्हणाले. खरा विश्वास असेल तर मिळायच्या आधी माना. मंडळीला हे इतकं आवडलं की पुढच्याच रविवारी एस्तेरबाई उभ्या राहिल्या आणि आपल्या मुलाला, शमुवेलला, बँकेत नोकरी लागल्याबद्दल त्यांनी परमेश्वराचे आभार मानले. शमुवेलने तोवर अर्जही भरला नव्हता. टाळ्या पडल्या, पेढे वाटून झाले. तेव्हापासून तो बिचारा रोज सकाळी भांग पाडून, डबा घेऊन घरातून निघतो आणि संध्याकाळपर्यंत सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी बसून राहतो, कारण मंडळीच्या लेखी तो नोकरीला आहे. एकदा मी त्याला तिथे जेवताना गाठलं, तर म्हणाला, "काकू, लंच ब्रेक आहे."

मी हसले होते. दुसऱ्याच्या घरचं असलं की हसायला येतं.

आमचे हे, शांतवन रणनवरे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आणि मंडळीचे गायक. पेटी यांची, आवाज यांचा आणि प्रार्थनाही यांचीच. त्या प्रार्थनेबद्दल सांगायला हवं. जेवणाआधी डोळे मिटले की हे आदामापासून सुरुवात करतात. वाटेत मोशे, दावीद, झाडून सगळे संदेष्टे भेटतात, मग देशाचे राज्यकर्ते, मग आजारी माणसं नावानिशी, आणि सगळ्यात शेवटी ताटातलं कालवण, जे तोवर गार झालेलं असतं. लग्न झाल्यापासून मीही एक प्रार्थना करत आले आहे. यांची प्रार्थना लवकर संपू दे, एवढीच. ती तोवर कधी ऐकली गेली नव्हती.

मार्चमध्ये दाढी करताना यांच्या हाताला गळ्यात गाठ लागली. सुईने तपासणी झाली. डॉक्टरांनी समोर बसवून शांतपणे सांगितलं की गाठ बरी दिसत नाही, थायरॉईडची आहे, आताच काढली तर माणूस ठणठणीत होईल, उशीर केला तर पसरेल. मग म्हणाले, "आवाजाची नस तिथूनच जाते. आम्ही जपतोच, पण कधीकधी आवाजाला धक्का बसतो. आधी सांगितलेलं बरं."

घरी येताना हे स्कूटर अगदी सावकाश चालवत होते. मला वाटलं, मनाची तयारी करताहेत. तयारी चालली होतीच, पण वेगळी. त्या रविवारी दुसरं गीत संपलं, हे पेटीमागून उठले आणि म्हणाले, "प्रभूने मला बरं केलं आहे. गाठ गेली आहे."

गाठ तेव्हा कॉलरच्या वर येऊन मंडळीकडे बघत होती. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

घरी आल्यावर मी विचारलं, "ऑपरेशनची तारीख कधीची घ्यायची?"

"कशाचं ऑपरेशन? मी साक्ष दिलीय, प्रभा. आता टेबलावर जाऊन झोपलो तर मंडळीत परमेश्वर खोटा पडेल."

"परमेश्वराला काही होत नाही. त्याने असले पुष्कळ बघितलेत."

"तुझा विश्वासच कमी," असं म्हणून यांनी डोळे मिटले. आदामापासून.

दुसऱ्या दिवशी बाजारातून मफलर आला. एप्रिल लागला होता. सोलापूरचा एप्रिल ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते, इथे दुपारी कावळेसुद्धा कामाशिवाय बाहेर पडत नाहीत. अशा उन्हात आमचे हे गळ्याभोवती लोकरीचा तपकिरी मफलर गुंडाळून चर्चमध्ये पेटी वाजवायला बसू लागले. घाम कपाळावरून निघायचा, नाकावरून पेटीवर ठिबकायचा. आणि मंडळीतल्या एकाही माणसाने विचारलं नाही की अहो रणनवरे, हे काय? विचारणार कसे? विचारलं म्हणजे शंका आली, शंका आली म्हणजे विश्वास गेला. इतकी पक्क्या विश्वासाची माणसं एका छपराखाली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत. सगळे मफलर सोडून बाकी सगळीकडे बघायचे.

विचारलं ते शेजारच्या मीनाबाईंनी. त्या विहारात जाणाऱ्या, आमच्या साक्षीशी त्यांचा संबंध नाही. नळावर म्हणाल्या, "भाऊंना थंडी वाजती का वो, वैनी?"

"नाही. विश्वास आहे."

"व्हय? मग डागदरला दावा की. लई वाढला तर आवघड हुतंय."

मी रोज डॉक्टरांचा विषय काढायची, हे रोज डोळे मिटायचे. मुलगी पुण्याहून फोनवर रडली, यांनी तिच्यासाठी फोनवरच लांबलचक प्रार्थना केली. मला यांचा इतका राग यायचा की भाकरी थापताना परात फुटेल असं वाटायचं. माणूस माझा, गाठ याच्या गळ्यात, आणि हा देवाची अब्रू सांभाळत बसलाय. शेवटी मी न विचारता डॉक्टरांकडून मेअखेरच्या एका बुधवारची तारीख घेऊन आले. हे म्हणाले, त्या दिवशी तूच जा.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी आमच्याच घरी उपकारस्तुतीची सभा ठरली. कशाबद्दल उपकार, तर गाठ गेल्याबद्दल. गाठ आता मफलरला दाद देत नव्हती, तरी मी सकाळपासून मटण शिजवत होते. दिवाणखान्यात सोलापुरी चादरी अंथरल्या, कूलर लावला, अख्खी मंडळी मांडीला मांडी लावून बसली. बँकेला सुटी असल्यामुळे शमुवेलही आला होता. यांनी पेटी ओढली आणि आवडतं गीत धरलं.

पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्या कडव्यात स्वर वर चढतो, तिथे आवाज फाटला. परत घेतला, परत फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. तेवढ्यात सगळ्या मंडळीने एकदम आवाज चढवला आणि तो फाटका स्वर झाकून टाकला. झाकण्यात आमचा हातखंडा आहे. पेटी पुढच्या माणसाकडे सरकवून हे पाणी प्यायला म्हणून आत आले. मी मागोमाग गेले.

पाण्याच्या पिंपांपाशी खाली बसले होते.

"कफ झालाय," म्हणाले.

"गाठ आहे."

बाहेर तिसरं कडवं चाललं होतं. यांनी मफलर सोडला आणि मांडीवर घेतला. गळा उबेने लालभडक झाला होता, त्यावर पुरळ उठलं होतं. दोन महिन्यांत मी तो उजेडात पाहिलाच नव्हता.

"प्रभा, आवाज गेला तर मी काय करू? ऑफिसात मला कुणी ओळखत नव्हतं. जो काही आहे तो या आवाजामुळे. डॉक्टर नसेचं बोलले आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. वाटलं, बरा झालो म्हणून एकदा सगळ्यांपुढे बोलून टाकलं की कापायला जावं लागणार नाही."

"म्हणजे विश्वास नव्हता हा."

"नाही गं. भीती होती. विश्वास असता तर त्याला सांगितलं नसतं का, की मला भीती वाटते म्हणून? रोज एवढं बोलतो त्याच्याशी, हे एक बोललो नाही."

दोन महिने मी ज्याच्यावर चिडत होते तो विश्वास नव्हताच. माझा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस मी घाबरलेला कधी पाहिलाच नव्हता, पाहिला तो फक्त डोळे मिटलेला.

बाहेर गीत संपलं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा आवाज आला, "आता कुणाला साक्ष द्यायची आहे?"

मी पदराला हात पुसले आणि बाहेर जाऊन उभी राहिले. सगळ्यांनी कौतुकाने माना वर केल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा रणनवरेबाई उभ्या राहिल्या होत्या. काहींनी टाळ्यांसाठी हातही तयार ठेवले.

"माझी साक्ष अशी आहे," मी म्हणाले, "की गाठ गेलेली नाही. वाढली आहे. बुधवारी ऑपरेशन आहे. आवाज राहील की नाही ते डॉक्टरांनाही माहीत नाही, आणि आम्हाला दोघांना फार भीती वाटते. टाळ्या वाजवू नका. मटण झालंय, ते जेवूनच जा."

टाळ्यांसाठी तयार ठेवलेले हात हळूच मांडीवर गेले. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"मफलर मला दिसत होता, प्रभाबाई," ते म्हणाले. "दर रविवारी दिसत होता. विचारायची हिंमत झाली नाही."

मग कोपऱ्यातून एस्तेरबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या शमूला बी नोकरी न्हाय."

हे सगळ्यांना माहीत होतं. तळ्याकाठून जाताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं? पण त्या बोलल्या आणि शमुवेलने असा श्वास सोडला की शेजारच्याच्या खांद्यावरचा टॉवेल हलला. मागून कुणीतरी सांगितलं की आपली शुगर काही कमी झालेली नाही, फेब्रुवारीत उगाच सांगितलं. साक्षीची वेळ एवढी रंगलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

हे दारात येऊन उभे होते. मफलर हातात. उघड्या गळ्याकडे आता सगळे बघत होते, आणि हेही त्यांना बघू देत होते. पाळकसाहेब म्हणाले, "रणनवरे, प्रार्थना तुम्हीच करा."

मी सवयीने गॅस बंद आहे ना ते आठवून घेतलं. यांनी डोळे मिटले.

"प्रभू, गाठ आहे. मला भीती वाटते. बुधवारी माझ्याबरोबर राहा. आमेन."

मंडळीला आमेन म्हणायला उशीर झाला. आदाम नाही, मोशे नाही, कुणाला कळेचना संपली म्हणून. माझी जुनी प्रार्थना अखेर ऐकली गेली होती, आणि आता मला ती नकोशी झाली होती. अजून थोडं बोलायला हवं होतं यांनी, असं वाटत राहिलं.

बुधवारी अर्धी मंडळी दवाखान्यात आली. कुणी आगाऊ आभार मानले नाहीत. कुणी थर्मास आणला, कुणी औषधांच्या दुकानात धावपळ केली. शमुवेल डबा घेऊन ऑपरेशन थिएटरबाहेर दिवसभर बसून होता, आणि त्याला त्याचा अनुभवही होता. मीही बसले होते. आयुष्यात मी देवाला एवढं कधी बोलले नव्हते, आणि त्यातलं बरंचसं भांडणच होतं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली. आवाजाचं काय ते सूज उतरल्यावर कळेल, तोवर बोलायचं नाही.

मला आत सोडलं. हे उशीला टेकून पडले होते, गळ्याभोवती पांढरी पट्टी, मफलरपेक्षा खूपच शोभत होती. मला बघून यांनी बोट वर केलं. मी म्हणाले, "पंखा वाढवू?" यांनी नको अशी मान हलवली, माझा हात धरला आणि डोळे मिटले. ओठ हलायला लागले. आवाज नाही, काही नाही. मी मान खाली घातली. आता कुठे पोचलेत, नोहापाशी की दाविदापाशी, कळायला मार्ग नव्हता. बराच वेळ झाल्यावर मी अंदाजाने आमेन म्हटलं.

यांनी एक डोळा उघडला आणि माझा हात न सोडता, दुसऱ्या हाताने खुणावलं की थांब, अजून संपली नाही.

मी थांबले.