पारा घोटणारा खल

मित्रांनो, मी एक जुना, तडा गेलेला काचेचा खल आहे. माझी कीव करू नका. मला एका माणसाचा सूड हवा होता. तो पुरा झालेला मी पाहिला, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटत नाही.

सोमाजी दातवाल्यांनी मला नागपूरहून बल्लारपूरला आणलं. कागदाचा कारखाना तेव्हा नवा होता. गावात कामगार वाढले, तशा किडलेल्या दाढाही वाढल्या. चांदीची भुकटी आणि पारा माझ्यात घोटला की मऊ गोळा होई. दाढेच्या खड्ड्यात भरला की तो दगडासारखा घट्ट बसे. गाल धरून आलेला माणूस हसत घरी जाई. "सोमाजीच्या हाताले गुन आहे," असं लोक म्हणत. मलाही अभिमान वाटे.

पण घोटणारे हात रुखमाचे होते. तळ्यावर मासे धरणाऱ्या मुखरूची ती बायको. ती गोळा उघड्या तळहातावर मळायची, मग फडक्यात पिळायची. जास्तीचा पारा घरंगळून जमिनीच्या भेगांत शिरायचा. थंडीत त्याच खोलीत शेगडी पेटायची आणि खिडकी बंद असायची. रुखमा गाणं गुणगुणत काम करायची.

एकदा जवळच्या चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचे, एक डॉक्टर दाढ भरून घ्यायला आले. रुखमा त्या दिवशी आली नव्हती. खोली पाहून ते म्हणाले, "सोमाजी, दाढेत घट्ट बसलेल्या पाऱ्याची मला एवढी भीती नाही. पण या सांडलेल्या पाऱ्याची वाफ श्वासातून मेंदूपर्यंत जाते. माणसाचे हात थरथर कापू लागतात. खिडकी उघडी ठेवा. उघड्या हातानं कोणाला मळू देऊ नका."

सोमाजींनी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली खुर्ची बाहेर ओसरीवर नेली. रुखमाला ते एक अक्षरही बोलले नाहीत. मित्रांनो, त्या दिवशी मी त्यांचा वैरी झालो.

हळूहळू रुखमाचे हात थरथरू लागले. हिरड्या सुजल्या. माणसांची नावं आठवेनात. साध्या हाकेनं ती दचकायची, रडायची. गाणं तर कधीच थांबलं होतं. एकदा गोळा तिच्या हातून पडला. सोमाजी रोग्यांच्या रांगेसमोर ओरडले, "मोहाची दारू पिऊन येतेस काय? चालती हो!"

"म्या पेली नाई जी," ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

मुखरू तिला चांद्याला घेऊन गेला, हे मला नंतर रांगेतल्या लोकांच्या बोलण्यातून कळलं. तिथे तेच डॉक्टर भेटले. ती काय काम करते हे ऐकताच त्यांनी कपाळाला हात लावला. "मी तुमच्या मालकाला बजावलं होतं," ते म्हणाले.

बाजाराच्या दिवशी रुखमा परत आली. मुखरूच्या हातात काठी होती. तिनं त्याला दारातच थांबवलं. मला उचलून तिनं सोमाजींसमोर ठेवलं. तिच्या हातांत मी खडखडत होतो.

"मालक, आज तुमी मळा. उघड्या हातानं. मी पायते."

सोमाजींनी हात मागे घेतला.

"काऊन? औषधच आहे ना थे? मी तं रोज मळत होती."

"हातमोजे... हातमोजे मागवले आहेत," सोमाजी पुटपुटले.

"म्हंजे तुमाले मालूम होतं. अन् मले सांगतलं नाई."

रांगेतली एक म्हातारी उठली. मग सगळेच उठले. रागानं सोमाजींनी मला भिंतीवर भिरकावलं. मला तडा गेला, आणि तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस होता. त्यानंतर बल्लारपुरात दाढ दाखवायला त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडलं नाही. दुकानाला कुलूप लागलं.

रुखमाची थरथर कमी झाली, पण गेली नाही. मुखरूचं फाटलेलं जाळं तिला पुन्हा विणता आलं नाही. म्हणून मी माफ करत नाही.

मित्रांनो, कोणाच्या हाती धोक्याचं काम द्याल, तर धोकाही सांगा. नाही सांगितलात, तर तो माणूस एक दिवस तुमच्या दारात येईल, भर बाजारात, थरथरते हात पुढे करून. आणि त्यानं यावंच.