रडणारी भिंत आणि बागेतला नळ

चर्चच्या तळघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं एल्म लेक गाव खाली उतरलं होतं आणि उरलेलं अर्धं कॉफीचे पेले सांभाळत जिन्यावर ताटकळलं होतं. सगळ्यांचे डोळे उत्तरेच्या भिंतीवर. तिच्यापुढे ब्रदर डेल्मर हात उंचावून उभे होते.

"रड, भिंती, रड! या लेकरांच्या दुखण्यासाठी रड!"

आणि भिंत खरंच रडली. छताखाली ओल उमटली, तिचे थेंब झाले, थेंब ओघळू लागले. ब्रदरनी ते चमच्यात झेलले. ज्या तळघरात आजवर फक्त नाताळातल्या बटाट्याच्या पोळ्यांचा वास दरवळला होता, तिथे आता तीर्थ निघू लागलं होतं.

भिंतीखाली एक टोपली होती. विश्वासाची खूण म्हणून आपापलं औषध तिच्यात टाकायचं. मार्लिसनं आपल्या मुलीचा, टिल्डाचा, दम्याचा पंप काल त्यात टाकला होता. आज टिल्डाची छाती बारीक शिट्टी वाजवत होती.

ती शिट्टी शेजारी उभ्या असलेल्या सोल्वेगबाईंनी ऐकली. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी विज्ञान शिकवलं होतं.

"मार्लिस, पोरीला पंप दे."

"बाई, दोन चमचे झालेत. अजून एक राहिलाय."

"चमच्यानं दमा जात असता, तर डॉक्टरांनी सूपच वाढलं असतं."

बाई टोपलीकडे वळल्या, तसे ब्रदर आडवे आले. "दिलेलं परत घेतलं की भिंत रुसते, ताई. मग या सगळ्यांचंच नुकसान."

लोक कुरकुरले. मार्लिसनं मुलीला जवळ ओढलं. बाई जिना चढून बाहेर आल्या.

बाहेर बागेत ब्रदरच्या पत्नी, सिस्टर लोरेटा, त्याच उत्तरेच्या भिंतीतून निघालेल्या नळाच्या चाकावर हात ठेवून तळघराच्या उघड्या खिडकीकडे कान लावून बसल्या होत्या.

"काय चाललंय?"

"फुलांना पाणी घालतेय."

"रबरी पाइपच्या टोकाची तोटी बंद ठेवून?"

लोरेटांचा चेहरा पडला. बाईंनी पाइप न्याहाळला. मुलांच्या घसरायच्या मैदानावर बर्फ धरावा म्हणून हिवाळाभर पाण्याचे थर देणारा तोच पाइप! शेवटचा थर दिल्यापासून तो नळाला तसाच लटकला होता. बाईंना सगळं उमगलं. त्यांनी चाक फिरवून नळ बंद केला आणि खिडकीशी वाकल्या.

"ब्रदर, जरा पुन्हा म्हणा!"

"रड, भिंती, रड!" ब्रदर गरजले. उरलेले चार थेंब गळले आणि भिंत गप्प झाली. ब्रदर आणखी मोठ्यानं गरजले. भिंत ढिम्म.

"टिल्डा, आता तू सांग बघू," असं म्हणून बाईंनी नळ सोडला.

"रड," टिल्डा दबक्या आवाजात म्हणाली. भिंत रडली. बाईंनी चाक फिरवलं.

"पुरे," टिल्डा म्हणाली. जरा वेळानं भिंत थांबली. जिन्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं.

मार्लिसनं ब्रदरना बाजूला सारलं आणि टोपलीतून पंप उचलला. टिल्डानं दोनदा ओढला. तिची शिट्टी हळूहळू विरली.

मग सगळे बाहेर बागेत आले. चर्चची देखभाल करणाऱ्या आर्विडनं पाण्याची मुख्य चावी बंद केली आणि नळ उपसून काढला. हातभर लांब नळी बाहेर आली. तिला उभी चीर होती.

"ही नळी भिंतीत एवढी आत कशाला घातलीय, बाई?" टिल्डानं विचारलं.

"पाणी आत, उबेत अडावं म्हणून. चाक बाहेर असलं, तरी पाणी अडवणारी झडप नळीच्या आतल्या टोकाला असते. नळ बंद केला की पुढची नळी रिकामी होते. रिकाम्या नळीत गोठणार काय? पण पाइप लावलेलाच राहिला, तर पाणी नळीतच कोंडतं. त्याचं बर्फ झालं की ते फुगतं आणि नळी फोडतं. पुढे नळ सोडला की पाणी भिंतीत."

"म्हणजे भिंतीला मीच रडवलं," आर्विड कान खाजवत म्हणाला. "शेवटचा थर दिला आणि पाइप काढायचा राहिला."

"चूक तुझी, पण चमत्कार यांचा," बाई म्हणाल्या. पण ब्रदर आणि सिस्टर तोवर गाडीत बसून निघूनही गेले होते. आर्विडनं नवा नळ बसवला आणि भिंत कायमची कोरडी झाली.

"बाळांनो," बाई मुलांना म्हणाल्या, "नवल वाटलं तर खुशाल वाटू द्या. पण मग भिंतीच्या पलीकडे जाऊन बघा. आणि बघून होईपर्यंत आपलं औषध कुणाच्या टोपलीत टाकू नका."

पुढच्या हिवाळ्यात दर संध्याकाळी थर देऊन झाला की पाइप टिल्डाच काढायची. पंप तिच्या कोटाच्या खिशात असायचा.