मल्हार आल्मेरेला जाणार

अंबरीशने खिडकीतली तुळशीची कुंडी उचलली, गोल फिरवली आणि खालची बशीसुद्धा पाहून घेतली. कुंडी मल्हारच्या घरची. तीन दिवसांपूर्वी मल्हारची बायको प्रांजली ती अंबरीशच्या बायकोच्या, मेधाच्या स्वाधीन करून गेली होती.

"उन्हासाठी ठेवलीय," मेधा स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्यांच्याकडे ऊन येत नाही. मार्चमध्ये नेणार आहे ती."

"डिसेंबरात इथे कोणाच्या खिडकीत ऊन असतं? तुळस कोणी उगाच देतं का?"

मेधा पोळ्या लाटत राहिली. अंबरीशचा मात्र अनुभव होता. अ‍ॅमस्टेलव्हीन या परदेशी गावातून बिऱ्हाड हलवणारी आपली माणसं आधी तुळस देतात, मग मिक्सर, मग कुकर. मिक्सर अजून यायचा होता, एवढंच.

तो आणि मल्हार पाच वर्षांपूर्वी पुण्याहून एकाच कंपनीतर्फे इथे आले. मल्हार कॉलेजात फास्ट बोलर होता. घराजवळ बेसबॉलचा क्लब दिसला म्हणून गंमत करायला गेला आणि दोन वर्षांत क्लबच्या दुसऱ्या संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होऊन बसला. अंबरीशला चेंडू फेकता येत नव्हता आणि पळता तर त्याहूनही येत नव्हतं, म्हणून तो स्कोअरर झाला. उन्हाळ्यातले सगळे रविवार मल्हारने टाकायचं आणि अंबरीशने वहीत लिहायचं. परदेशात या माणसाला तेवढंच एक सुख होतं, आणि ते जाईल या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

हिवाळ्यात खेळ बंद आणि जिभा चालू. कोणता खेळाडू कुठल्या क्लबात जाणार, यावर चाहते इंटरनेटवर पानंच्या पानं लिहीत. जानेवारी संपेपर्यंत क्लब बदलायचा फॉर्म भरता येई, म्हणून अफवांना ऊत आलेला. त्यात 'डावखुरा' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी एका ओळीत लिहून टाकलं की भारतीय पिचर तासाभरावरच्या आल्मेरेच्या क्लबात चालला. अंबरीशने ती ओळ इतक्यांदा वाचली की ती त्याला खरी वाटू लागली.

मग पुरावे आपोआप जमले. मल्हार सलग तीन शनिवार कामात होता. त्यातल्या एका शनिवारी ऑफिसातल्या दिनकरने त्याला आल्मेरेच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. आणि आता ही तुळस. अंबरीशने मल्हारला फोन केला, पुण्याच्या थंडीपासून ऑफिसच्या लिफ्टपर्यंत सगळं बोलून झालं आणि शेवटी त्याने जाता जाता विचारावं तसं विचारलं, पुढच्या सीझनसाठी नवीन वही आणू ना? मल्हार म्हणाला, आण की. पण म्हणण्याआधी तो थांबला होता. अंबरीशने ते थांबणंही मनात टिपून ठेवलं.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" मेधा म्हणाली. "सरळ विचार त्याला."

"असं कसं विचारायचं? माझ्यावर विश्वास नाही म्हणेल."

विचारलं नाही, पण सांगितलं मात्र. सामानाच्या खोलीची किल्ली परत करायला तो क्लबात गेला, तेव्हा कोच वाउटर कँटीनमध्ये एकटाच बसला होता. मल्हारचं नक्की सांगता येत नाही, दुसरा कुणी पाहून ठेवलेला बरा, असं अंबरीश त्याला म्हणाला. वाउटरने विचारलं, तो स्वतः बोलला का? अंबरीशने शनिवारांचं सांगितलं. तुळशीचं सांगितलं नाही, त्या बापड्याला काय कळणार. वाउटरने खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं. आपण वेळेवर सावध केलं, या समाधानात अंबरीश घरी आला आणि मेधालाही सगळं सांगून मोकळा झाला.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी दुपारी मल्हार स्वतःच दारात उभा राहिला. हातात दूध पावडरच्या पेढ्यांचा डबा.

"आल्मेरेला घर झालं," तो म्हणाला. "तीन शनिवार घरंच बघत होतो. आई येऊन राहील आता. सह्या होईपर्यंत कुठे बोलू नको म्हणाली, दृष्ट लागते. फोनवर अगदी ओठांवर आलं होतं तुला सांगायचं."

अंबरीशने पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"आणि क्लब?"

"रविवारी गाडीने येणार होतो. तासाचा तर प्रवास." मल्हारने डबा टेबलावर ठेवला. "पण वाउटरने दुसरा पिचर घेतला. म्हणाला, तू जाणार असं कळलं होतं, मला थांबता येत नव्हतं."

"कोणाकडून कळलं?"

"विचारलंच नाही मी. कशाला तोंड कडू करायचं? तो डावखुराच असणार. त्याचं वाचूनच आल्मेरेच्या क्लबाचा फोन आला. म्हटलं, आता नाहीतरी..."

मेधा चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. ती अंबरीशकडे पाहत राहिली. अंबरीशला लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

मल्हारने खिशातून क्लब बदलायचा घडी घातलेला फॉर्म काढला. "मागच्या सीझनचे आकडे भरायचेत. स्कोअररची सही लागते."

"मल्हार," अंबरीश म्हणाला.

"काय रे?"

"वही आणतो."

त्याने वही उघडली आणि एकेक आकडा फॉर्मवर उतरवला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. मल्हार कौतुकाने बघत म्हणाला की असं अक्षर आल्मेरेत कोणाचं नसणार. अंबरीशने सही केली.

निघताना मेधाने कुंडीकडे बोट केलं. "आता घर हलवताय, तर घेऊन जा."

"नको वहिनी," मल्हार बुटाची नाडी बांधत म्हणाला. "प्रांजलीने बजावलंय, मार्चशिवाय आणायची नाही. तुमच्याकडे ऊन येतं."

अंबरीशने खिडकीकडे पाहिलं. कुंडीवर ऊन पडलं होतं.