सुपड्याचे कान

दोरी ओढली, पडदा सरकला, शाळेच्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या आणि ताईचा हात दोरीवरच थिजला. तसबिरीत हवाई दलाच्या गणवेशातला एक देखणा जवान होता. फक्त तो तिचा भाऊ नव्हता.

कान कुठे गेले?

अहो, गावात त्याला खऱ्या नावाने कोणी हाक मारली असेल तर शपथ! सगळ्यांचा तो सुपड्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना सुपाएवढे दोन कान. वारा सुटला की पोरं ओरडायची, "सुपड्याला धरा रे, उडाला!" आणि एक दिवस गडी खरंच उडाला. विमानात वायरलेसवर बसायला लागला. युद्धात विमान पेटलं, बाकीच्यांनी उड्या टाकल्या. हा मात्र कानाला हेडफोन लावून तळाला ठिकाण कळवत बसला, त्यांना शोधायला कोणीतरी यावं म्हणून. ते सापडले, घरी परतले. हा नाही परतला.

"मामा!" ताई गर्रकन वळली. तसबीर तिच्या सख्ख्या मामाने केली होती, गावातला एकुलता एक फोटोग्राफर. "कान काय केलेत त्याचे?"

मामा ओशाळला. "अगं, जरा आत घेतले. नवरदेवांचे घेतो ना, तसेच. बाहेरचे पाहुणे येणार, आपल्या पोराला कोणी हसायला नको..."

"जन्मभर हसलात तेव्हा त्याचं काही बिघडलं नाही, आणि आता गेल्यावर तुम्हाला त्याची लाज वाटते?"

मुख्याध्यापक लगबगीने पुढे आले. "ताई, कार्यक्रम तेवढा उरकू द्या. भावना महत्त्वाची. कानांचं काय एवढं घेऊन बसलात?"

"सर, त्या कानांच्या जिवावर माणसं जिवंत घरी गेली. या भिंतीवर राहील तर माझा भाऊ कानांसकट राहील. नाहीतर हा कोण पाहुणा आणलाय, त्याला त्याच्या घरी पाठवा."

पडदा तिनेच आपल्या शिवणाच्या दुकानात शिवला होता. तो तिने ओढून घेतला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. बाई तसूभर हलली नाही. प्रमुख पाहुणे हार हातात धरून बसलेले.

"डोकं फिरलंय हिचं," मागून कोणीतरी पुटपुटलं.

"फिरलंय! पुढे बोला!" ताई तिथूनच कडाडली.

शेवटी मामाच स्टूल घेऊन आला, मान खाली घालून तसबीर उतरवली. "मूळ फोटो आहे माझ्याकडे," एवढंच म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा सभागृह भरलं. या वेळी प्रमुख पाहुणे नव्हते, नुसतं गाव. ताईने दोरी ओढली. चौकट भरून कान! पुढच्या रांगेतून खुदकन आवाज आला आणि बघता बघता सगळी शाळा हसायला लागली. मुख्याध्यापक डोळे वटारून उठले.

ताईने त्यांच्यापुढे हात आडवा घातला. तिचे डोळे वाहत होते आणि तीही हसत होती.

"हसू द्या, सर. आता कुठे आलाय तो घरी."