बाबा भानावर नव्हते

थोरलीनं उमेदीची सगळी वर्षं बाबांच्या होड्यांच्या कारखान्यात घातली होती. वाफ देऊन फळी वाकवायची, फटींत सूत ठोकायचं, वरून डांबर भरायचं, सगळं ती त्यांच्याच हाताखाली शिकली. पण फायबरच्या होड्या करायच्या की नाहीत यावरून एकदा बापलेकीचं असं वाजलं, की ती तडक उठली आणि पलीकडच्या धक्क्यावरच्या फायबरवाल्याकडे कामाला लागली. बाबांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी तोंड फिरवलं, तिनंही मागे वळून पाहिलं नाही. दोघं एकाच मुशीतली.

बाबा गेल्यावर धाकट्या भावानंच तिला सांगितलं. घर आणि कारखाना कुटुंबाच्या ट्रस्टमध्ये होता, आणि त्या दस्तातून बाबांनी शेवटच्या वर्षी तिचं नाव काढून टाकलं होतं.

"मी करतो काहीतरी, ताई. जरा वेळ दे," तो म्हणाला.

"वेळ? माझ्या नावावर काट मारताना लागला होता का वेळ?"

तिथून ती थेट वकीलबाईंच्या ऑफिसात गेली. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आधी विश्वस्तांकडून दस्ताची नक्कल मागवू. नाव काढायचा अधिकार वडिलांनी स्वतःकडे ठेवला नसेल, तर हा बदल टिकणारच नाही. ठेवला असेल, तर सही करताना ते भानावर नव्हते किंवा कुणाच्या दबावाखाली होते, हे कोर्टात शाबीत करावं लागेल. नाहीतर भावाला समोर बसवून समजुतीनं मिटवा. मला विचाराल तर आधी तेच करा."

"त्याचं तोंडही बघायचं नाही मला."

नक्कल आली. अधिकार बाबांनी राखून ठेवला होता. दबावाचा पुरावा नव्हता. पण शेवटी शेवटी बाबांना विसरायला होत असे, एवढं थोरलीच्या कानावर आलं होतं.

"मग डॉक्टरांचे कागद मागवावे लागतील, भावाची उलटतपासणी घ्यावी लागेल," वकीलबाई म्हणाल्या. "घरातलं सगळं चव्हाट्यावर येईल. चालेल?"

"येऊ दे."

धाकटा पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा कारखान्यातले जुने सुतार मागच्या बाकावर बसले होते.

"वडील तुम्हाला ओळखायचे?" वकीलबाईंनी विचारलं.

"कधी कधी."

"त्यांना अंघोळ कोण घालायचं?"

"मी."

"कपडे खराब व्हायचे?"

धाकट्यानं न्यायाधीशांकडे पाहिलं, मग ताईकडे. "व्हायचे."

"कारखान्यात जायचे?"

"एकदा गेले. अर्ध्या बांधलेल्या होडीत चढून बसले, आणि उतरायचं कसं ते कळेना म्हणून रडायला लागले. कुणी बघू नये म्हणून मी सगळ्यांना सुट्टी देऊन टाकली."

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या सुतारानं मान खाली घातली. थोरलीला वाटलं, उठून ओरडावं, पुरे करा. पण विचारणारी वकील तिचीच होती. ती बसून राहिली.

निकाल तिच्या बाजूनं लागला. बदल रद्द झाला, नाव परत आलं. जिन्यात तिनं धाकट्याला गाठलं.

"मला का नाही रे सांगितलंस?"

"बाबांनी शपथ घातली होती. आजार कळला त्याच दिवशी म्हणाले, थोरलीला कळता कामा नये. तिच्यासमोर मला असं परावलंबी व्हायचं नाही." तो एक पायरी उतरला. "माझ्या वाट्यातला अर्धा भाग तुला लिहून द्यायचं चाललं होतं माझं. वेळ त्यासाठीच मागत होतो."

तीही त्याच्यामागून एक पायरी उतरली.

"येत जा कारखान्यात. आता हक्क आहे तुझा," तो म्हणाला. गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, अगदी नीट.

ती गेलीही. सुतार उठून उभे राहिले, तिला बसायला जागा करून दिली, लाकडाचे भाव सांगितले, हव्या त्या फळ्या दाखवल्या. बाबांचा विषय मात्र कुणीच काढला नाही. ते किती हट्टी होते, कसे अंगावर खेकसायचे, हे तिला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. ती बराच वेळ थांबली. मग कुणीतरी विचारलं, "अजून काही हवंय का बाई?" आणि ती नाही म्हणून निघाली.