छताचं कलम कुणी शोधलं?

आपली हुशार मुलगी सगळीकडून हात हलवत परत का येते, हा प्रश्न ज्या घराला कधी पडला नाही ते घर भाग्याचं! इंग्लंडमधल्या बर्सलेम गावच्या ब्लोअर कुटुंबाला मात्र तो त्या हिवाळ्यात सारखाच पडत होता.

केरी ब्लोअर कायद्याचं शिकत होती. वकिलांच्या मोठ्या पेढ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना दोन आठवडे उमेदवारीला बोलावतात. तिथे जो नजरेत भरेल त्याला पुढे प्रशिक्षणाचा करार मिळतो, आणि करार मिळाला की सॉलिसिटर होण्याची वाट मोकळी होते. म्हणून अर्ज करायची झुंबड उडते. केरीनेही अर्ज करायचं बाकी ठेवलं नव्हतं. सगळीकडून नकारच येत होता आणि खाली एकच ओळ. आपल्या यशासाठी शुभेच्छा!

"शुभेच्छांचं लोणचं घालू का आता?" फोन टेबलावर आपटत केरी म्हणाली.

शनिवारची सकाळ होती. केरीचे वडील क्लाइव्ह तव्यावर ओटकेक, म्हणजे तिकडची ओटच्या पिठाची धिरडी, भाजत होते, आणि चीज किसायचं काम ग्लेनिस आत्याकडे होतं. केरीची आई गेल्यापासून आत्या दर शनिवारी न चुकता येत असे. क्लाइव्ह भट्टीवर काम करत त्याच मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात ती कामगार संघटनेची पुढारी होती. निवृत्त झाली तरी तिचा आवाज निवृत्त झाला नव्हता.

"जाऊ दे गं," क्लाइव्ह म्हणाले. "बर्मिंगहमच्या वकिलांना आपल्यासारखी माणसं कशाला हवीत?"

"तू थांब रे," आत्या म्हणाली. "केरी, काय लिहिलंयस ते वाच बघू. मोठ्याने."

अर्जात प्रश्न होता: तुम्ही पुढाकार घेऊन पार पाडलेलं एखादं काम सांगा. केरी वाचू लागली, "विद्यापीठाच्या मोफत सल्ला केंद्रातर्फे कालव्याकाठच्या इमारतीतील रहिवाशांना मदत करण्यात आली. सर्वांच्या सहकार्याने ओल आलेल्या भिंती दुरुस्त करून घेण्यात आल्या."

"करण्यात आली? घेण्यात आल्या?" आत्याने किसणी खाली ठेवली. "कुणी केलं हे सगळं? भुताने? अगं, दारोदार फिरून भिंतींचे फोटो कुणी काढले? त्या घरमालकाला पत्रांवर पत्रं कुणी लिहिली? तो अंगावर ओरडला तेव्हा त्याच्यापुढे कोण उभं राहिलं?"

"मी. पण रहिवाशांनी धीर धरला म्हणूनच झालं ना? आपणच आपली लाल कशी करायची, आत्या?"

"शाबास!" क्लाइव्हनी ओटकेक उलटला. "ब्लोअरांच्या घरात आजवर कुणी स्वतःची टिमकी वाजवलेली नाही."

मंडळी, हा या गावाचा जुना रोग. इथे कुणाला "कसं काय?" विचारा, "रडण्यासारखं काही नाही," एवढंच उत्तर मिळेल. "उत्तम" म्हणणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. नम्रता चांगलीच, कोण नाही म्हणतंय? पण तिचं सोवळं आपणच पाळायचं आणि फळ दुसऱ्याने खायचं, याला काय म्हणावं?

आत्या उसळली. "क्लाइव्ह, बढाई कशाला म्हणतात माहीत आहे का तुला? न केलेलं केलं म्हणणं, ती बढाई. केलेलं केलं म्हणणं, ती साक्ष! उद्या ही वकील होणार. साक्षीदाराला सांगणार, जे घडलं ते सरळ सांग. आणि स्वतःची वेळ आली की म्हणणार, घडण्यात आलं!"

केरीला हसू आलं, पण टोला बसायचा तिथे बसला. तिने अर्ज पुन्हा लिहिला. 'मी' हा शब्द लिहिताना दर वेळी कुणाचा तरी खिसा कापल्यासारखं वाटत होतं, तरी लिहिला. महिन्याभरात बर्मिंगहमच्या मॅलिन्सन अँड रूक या पेढीचं बोलावणं आलं. दोन आठवड्यांची उमेदवारी आणि शेवटी कराराची मुलाखत!

बोलावणं आलं म्हणून स्वभाव थोडाच बदलतो?

उन्हाळ्यात उमेदवारी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात उमेदवारांचे गट पाडून प्रत्येक गटाला एक प्रकरण दिलं. एका दंतवैद्याला दवाखान्यासाठी जुनी इमारत भाड्याने घ्यायची होती. करारनामा वाचून धोके सांगायचे होते. केरीच्या गटात बार्नाबी नावाचा मुलगा होता. उंच, हसरा, सगळ्यांना कॉफी आणून देणारा. वाईट नव्हता हो तो! फक्त बोलताना कधी अडखळत नसे, कारण आयुष्यात त्याला कुणी मध्येच थांबवलंच नव्हतं.

छताचं कलम केरीने शोधलं. इमारतीच्या फोटोत छतावर शेवाळ दिसलं आणि तिला कालव्याकाठची ओल आठवली. छत कुणी दुरुस्त करायचं? सुरुवातीच्या पानांवर लिहिलं होतं, छत मालकाने आणि 'जागा' भाडेकरूने. पण शेवटच्या परिशिष्टात 'जागा' म्हणजे काय ते सांगताना छतही हळूच जागेत घालून टाकलं होतं. म्हणजे सडलेलं छत दंतवैद्याच्या गळ्यात! केरीने ते गटाला दाखवलं, समजावलं. बार्नाबी म्हणाला, "भन्नाट!"

दुसऱ्या दिवशी पेढीच्या भागीदार प्रोबर्टबाईंसमोर गटाने काम मांडलं. छताचा मुद्दा आला आणि बार्नाबी उभा राहिला.

"परिशिष्ट वाचताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली..."

त्याने मांडलं मात्र झकास. प्रोबर्टबाई खूश झाल्या. "हे तुम्ही शोधलंत?" त्यांनी विचारलं.

"हो," बार्नाबी म्हणाला.

केरीच्या ओठावर शब्द आले होते. पण त्याच क्षणी मनात बाबांचा आवाज उमटला, टिमकी वाजवू नये. ती पाण्याचा पेला उचलून घोट घेत राहिली. गटातल्या बाकीच्यांनी टेबलाकडे पाहिलं. संपलं!

शनिवार-रविवारी घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. आत्याचा चेहरा लाल झाला. "आणि तू पाणी पीत बसलीस?"

"काय करू मग? भर सभेत त्याला खोटा पाडू? लोक म्हणतील, भांडकुदळ आहे. करार तर गेलाच, वर नावही खराब."

"जे खरं असतं ते कधी ना कधी बाहेर येतंच," क्लाइव्ह पुटपुटले.

"आपोआप? तुझं हे खरं काय पायाने चालत येतं का रे? त्याला कुणीतरी आणावं लागतं!"

क्लाइव्ह उठले आणि मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. आत्यालाही कळेना, आपण असं काय लागट बोललो.

रविवारी दुपारी ते केरीला गाडीने स्टेशनवर सोडायला निघाले. स्टेशन आलं, गाडी थांबली, तरी त्यांचे हात स्टिअरिंगवरच.

"केरी, तू लहान होतीस तेव्हा आमच्या कारखान्यात ताटल्या तडकत होत्या. भट्टीच्या भट्टी वाया जायची. इंजिनियर आले, बघून गेले. शेवटी मला दिसलं की खालच्या फळीवर माल फार दाटीने रचतात, आच फिरतच नाही. मी रचना बदलली. तडकणं थांबलं."

"बाबा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही!"

"मॅनेजरने वरती सांगितलं, युक्ती त्याची. माझ्यासमोर सांगितलं. मी टोपी हातात घेऊन उभा होतो. तुझ्या आईलाही सांगितलं नाही, ग्लेनिसलाही नाही. इतकी वर्षं मला वाटत आलं की मी मनाचा मोठेपणा दाखवला." त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. "कसला मोठेपणा! भ्यालो होतो मी. भीतीला मी नम्रतेचा सदरा घातला, आणि तोच तुलाही शिवून दिला. काढून टाक तो, पोरी. तू भिऊ नकोस."

केरीने आपल्या बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही तो रडला नाही, पण तिला मात्र रडू आवरेना. गाडीतून उतरली ती मनाशी ठरवूनच. करार जावो की राहो, आता पाणी प्यायचं नाही!

मुलाखत शेवटच्या दिवशी होती. प्रोबर्टबाई आणि आणखी एक भागीदार समोर बसले होते. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर बाईंनी विचारलं, "या दोन आठवड्यांतलं कोणतं काम तुम्हाला सगळ्यात चांगलं जमलं?"

"आमच्या गटाने..." केरी सवयीने बोलून गेली आणि थांबली. मग तिने सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "छताचं कलम. ते मी शोधलं."

प्रोबर्टबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बार्नाबीने ते आपण शोधल्याचं सांगितलं होतं. तुम्ही त्याला खोटा म्हणताय?"

"त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी काय केलं तेवढं मी सांगतेय. कसं शोधलं, कुठून सुरुवात केली, काय हवं ते विचारा."

त्यांनी विचारलं, आणि चांगलंच खोदून विचारलं. शेवाळापासून परिशिष्टापर्यंत ती सगळी वाट केरीने पुन्हा चालून दाखवली. दंतवैद्याने मालकाशी कसं बोलावं, हेही सांगितलं. मग म्हणाली, "एक मात्र आहे. बार्नाबीने ते माझ्यापेक्षा छान मांडलं. ते श्रेय त्याचंच."

"मग त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं.

"आमच्याकडे आपलं काम आपण सांगणं वाईट समजतात. मीही तेच समजत होते. पण मला दुसऱ्यांच्या वतीने बोलायचा धंदा करायचाय. जिला स्वतःबद्दलचं साधं खरं बोलवत नाही, ती अशिलासाठी काय कपाळ बोलणार? त्या दिवशी गप्प बसले ही माझी चूक. आज बसले असते तर तो माझा स्वभाव ठरला असता. म्हणून बोलले."

प्रोबर्टबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "ठीक आहे. कळवू," म्हणाल्या.

परतीच्या गाडीत केरीने करारावर पाणी सोडलं होतं. तरी मन कसं हलकं होतं!

पुढच्या आठवड्यात भरदुपारी फोन आला. प्रोबर्टबाईच होत्या. "आम्ही गटातल्या सगळ्यांना वेगवेगळं विचारलं. बार्नाबीलाही. त्याने कबूल केलं. पण करार तुम्हाला त्यासाठी देत नाही आहोत. अवघड गोष्ट तुम्हाला कुणाचं वाईट न बोलता सांगता आली, त्यासाठी देतोय. याल ना?"

"येणार तर!" केरी किंचाळली आणि लगेच म्हणाली, "माफ करा. हो, येईन."

घरात बसवेना. ती धावत कारखान्याच्या फाटकाशी गेली. पाळी सुटत होती. क्लाइव्ह सोबत्यांबरोबर बाहेर आले आणि लेकीचा चेहरा बघून जागीच थबकले.

"मिळाला, बाबा! करार मिळाला!"

सोबत्यांनी गलका केला. कुणी पाठ थोपटली, कुणी विचारलं, "कसा काय गं पटकावलास?"

"अहो, ते आत्यामुळे... आणि बाबांनी धीर दिला म्हणून... तिथली माणसंही चांगली होती म्हणून..."

"ते सगळं खरं," क्लाइव्ह मध्येच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत आवाज चढवला होता. "पण मिळवला कुणी?"

केरीने सगळ्यांकडे पाहिलं.

"मी मिळवला."

"आता कसं!" क्लाइव्ह म्हणाले.

नागरिकहो, दुसऱ्याचं श्रेय लाटणारा दोषी आहेच. पण तोंडात गुळणी धरून त्याला ते लाटू देणारे आपण, आणि त्या गुळणीला संस्कार म्हणून मुलांच्या गळी उतरवणारे आपणच, आपण कुठे सुटतो? आपल्या लेकींना नम्रता जरूर शिकवा. पण त्याआधी त्यांना एक छोटं वाक्य ताठ मानेने म्हणायला शिकवा: हे मी केलं. खरं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि खरं असूनही ते म्हणता येत नसेल, तर लाज आपल्याला वाटायला हवी, त्यांना नव्हे!