ओकबुनच्या पातेल्याचं झाकण

"सांगून कुणाला पटणार नाही," मेंग गिल-हो म्हणाला, आणि पटलं नाही तर दोष ऐकणाऱ्याचा अशा थाटात त्यानं कागदी कपातला रस्सा फुर्रकन ओढला. "पण समोरच्या नव्या दुकानातला रस्सा मी या डोळ्यांनी पाहिलाय. इतका पातळ, की त्यात माझं तोंड दिसलं. आणि तेसुद्धा उपाशी दिसत होतं."

"तुमचं तोंड, आणि उपाशी?" शिंपीणबाई बोंग हसली. तिच्या तोंडात सुई नसली की टोमणा असायचाच. "काहीही काय, दादा!"

जेचॉनच्या बाजारात चपलांच्या दुकानाला खेटून ओकबुन मावशीची खिडकी होती. आत जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा, आणि ती मावशीनं सगळीच्या सगळी व्यापलेली. एका बाजूला परातीत तोकबोक्की, म्हणजे तिखट लालभडक रश्श्यातल्या तांदळाच्या पिठाच्या वळकट्या, रटरटत असे. दुसऱ्या बाजूला मोठ्या भांड्यात ओमुक, म्हणजे काडीला टोचलेल्या मासळीच्या घड्या, उकळत्या रश्श्यात उभ्या असत. यावं, उभ्यानं खावं, नाहीतर पिशवीत बांधून घ्यावं आणि वाटेला लागावं. बसायला फक्त किमचीचं एक पालथं डबडं होतं, भांड्याच्या ऐन उबेला, आणि ते मेंगचं होतं.

पूर्वी तो गावची बस चालवायचा. चालत्या गाडीतून उतरता येत नाही म्हणून लोक त्याच्या थापा ऐकून घेत. आता घरी फक्त फ्रिज घरघरायचा, आणि तोही मध्येच गप्प व्हायचा. तेव्हा ते डबडं म्हणजे मेंगची बस होती. डबडं गेलं की ऐकणारे गेले, आणि ऐकणारे गेले की मेंग नावाचा एक म्हातारा तेवढा उरणार, जसे गावात पुष्कळ आहेत.

आणि डबडं जायची वेळ आली होती. समोर ग्वाक नावाच्या पोरानं गुलाबी रंगाचं दुकान थाटलं, त्या दिवशी ओकबुननं पळी आपटून जाहीर केलं होतं, "त्या पोराचं जो चाखेल, त्यानं माझ्या रश्श्यात पळी घालायची नाही. तो कुणीही असो." ही पोकळ धमकी नव्हती. शेजारचा चपलवाला एकदा हौसेनं तिकडे जाऊन आला होता. तेव्हापासून तो आपल्याच दुकानात पाकिटातल्या शेवया भिजवून खायचा आणि भांड्याच्या वाफेकडे असा बघायचा, की बघवत नसे. मेंगनं त्याला पोटभर नावं ठेवली होती. जिभेवर ताबा नसलेला माणूस चपलाच विकणार, असंसुद्धा म्हणून झालं होतं.

आता आतली गोष्ट. मेंगही तिकडे गेला होता. एकदा जाऊन भागलं नव्हतं. पहिल्यांदा तो गेला तो नावं ठेवायला माल हवा म्हणून. तो गुळगुळीत गुलाबी रस्सा, त्यात साय, वर चीज. प्रत्येक घासाला त्यानं शिवी दिली, आणि शिव्या देत देत भांडं बोटानं निपटून खाल्लं. पुढच्या खेपांना शिव्या कमी झाल्या, बोट मात्र तसंच फिरलं. प्लॅस्टिकच्या डब्यात बांधलेलं त्याला चालत नसे, म्हणून घरातलं झाकणाचं पातेलं न्यायचा. ते पातेलं होतं ओकबुनचं. तो तापानं पडला होता तेव्हा तिनं त्यातून गरमागरम तोकबोक्की पाठवली होती.

ते आज परत करायचं होतं. घासूनपुसून तसंच आणून दिलं असतं, तर ओकबुननं न बघताच खिळ्याला अडकवलं असतं. पण शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं? मेंगची आई थडग्याच्या उंचवट्यातून उठून बसली असती. म्हणून त्यानं चेस्टनट उकडले, त्यात भरले, वर झाकण दाबलं आणि ऐटीत आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. झाकणाची दुमडलेली कड आतून घासायची राहिली, हे त्याला डबड्यावर बसता बसता आठवलं.

"काय आणलंत?" ओकबुननं हात पुढे केला.

"थांबा हो, आधी ऐका तर!" मेंग जवळजवळ ओरडला. "त्या दुकानात काय हवं ते विचारायला माणूस नाहीच. एक काचेची पाटी आहे. ती विचारते, किती तिखट हवं? मी सगळ्यात वरचं बटण दाबलं. तर म्हणते कशी, आजोबा, घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन या."

सोलहून आलेला एक चष्मेवाला पाहुणा, काळ्या फुगीर कोटात गळ्यापर्यंत शिरलेला, गाडीची वेळ होईपर्यंत ओमुक खात उभा होता. तो खो खो हसला. मेंगला बळ आलं.

"पण तिथं रांग असते म्हणे, आजोबा," पाहुणा म्हणाला.

"असते ना! खाऊन झालेल्यांची. आता घरी जाऊन काय खायचं, याचा विचार करत उभे असतात बिचारे. आणि तळणीचं तेल? इतकं स्वच्छ, की त्यात आजवर काही तळलंय असं वाटतच नाही. पोरगं हातमोजे घालून तोकबोक्की ढवळतं. अरे, जेवण करतोयस की ऑपरेशन?"

ओकबुनच्या ओठाचा कोपरा हलला. समोरच्याची निंदा तिला गोड लागायची. पण हात पातेल्याकडे गेलाच.

"अहो, मांजराचं ऐका!" मेंगनं घाईघाईनं भांड्याखालच्या बोक्याकडे बोट केलं. "हा बोका पूर्वी तिकडचा. ग्वाकनं त्याच्यापुढे वाटी ठेवली. यानं हुंगलं, त्या पोराकडे कीव आल्यासारखं पाहिलं, गाड्या थांबवून रस्ता ओलांडला आणि तुमच्या दारात येऊन बसला. गाड्या थांबवल्या, बरं का! बसवाल्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नाही."

"हा बोका ग्वाकच्या आधीपासून इथं आहे," बोंगबाई म्हणाली. "माझी किती रिळं खाल्लीत त्यानं."

"तो याचा भाऊ."

पाहुण्यानं आणखी एक काडी उचलली आणि तांदळाचं गार, गोड शिकहे मागितलं. ओकबुन बाटली काढायला वाकली. मेंगनं तेवढ्यात हात लांब करून कट्ट्यावरचं पातेलं कोपराआड सरकवलं आणि गाडी आणखी जोरात सोडली.

"आणि चीज! काय खायची वस्तू आहे ती? तोंडातून ओढा, हातभर लांब होते, तुटत नाही. एक म्हातारी ओढत ओढत स्टेशनपर्यंत गेली. आणि ते बेणं ते चीज वर दाखवायला जरासं ठेवतं, खरा गोळा तळाशी दडवतं."

"तळाशी असतं हे तुम्हाला कसं कळलं?" बोंगबाईनं विचारलं. काडी तिच्या ओठापाशीच थांबली होती.

मेंगचा कप रिकामा होता. तरी त्यानं तो तोंडाला लावला.

"बोक्यानं उकरून दाखवलं," तो म्हणाला. "मी जीभ लावली असेल, तर ती जीभ झडून पडो. ओकबुनबाई, या डबड्याची शपथ! तसलं गुलाबी कालवण मी मेलो तरी खाणार नाही. मेल्यावर पूजेला मांडलंत, तरी उठून बाजूला सारीन."

"शपथ कशाला, दादा," ओकबुन मऊ आवाजात म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. तिनं पाहुण्याला बाटली दिली, हात पुसले, आणि मेंगच्या कोपराआडून पातेलं सहज उचलून घेतलं. "चेस्टनट! बघा, रिकामं आणलं नाही. माणसाला रीत लागते. ग्वाकच्या पिढीला काय कळणार?"

बोंगबाईनं एक चेस्टनट घेतला. पाहुण्याला एक मिळाला. ओकबुननं झाकण खाली ठेवता ठेवता पुन्हा वर घेतलं. नाकाशी नेलं. मग करंगळीचं नख कडेखाली घालून हळूच ओढलं. एक फिक्का गुलाबी धागा निघाला. तो लांबला, आणखी लांबला, आणि तुटला नाही.

शेजारच्या दारात चपलवाला शेवयांचा वाडगा हातात धरून उभा राहिला होता. मेंगनं दोन्ही हातांनी डबड्याची कड घट्ट धरली.

"सांगून पटणार नाही," त्यानं सुरुवात केली, "पण त्या बोक्यानं काल माझ्या घरी येऊन..."

"मेंगदादा," ओकबुननं तो धागा सगळ्यांना दिसेल असा उंच धरला, "साफ खोटं! माझ्या पातेल्यात त्याचं चीज आणून खाल्लंत, आणि आता बोक्याचं नाव सांगता? उठा त्या डबड्यावरून!"